आपलेच आडाखे बदलणारें यंत्र

'युरिस्को' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ 'मला सांपडतें', 'मी शोधून काढतों'. स्नान अर्धवट टाकून रस्त्यावर धांवत सुटलेल्या आर्किमिडीजच्या तोंडीं आख्यायिकेनें जो उद्गार घातला आहे तो याच क्रियापदाचें भूतकाळाचें रूप होय. आणि इंग्रजींतील 'ह्यूरिस्टिक' हा शब्दहि याच धातूपासून निघालेला आहे. या ह्यूरिस्टिकला एखादा भारदस्त संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु शेतकरी, वैद्य, व्यापारी आणि घरांतील वडीलधाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या जो वापरीत आल्या, तो 'आडाखा' हा शब्द हाताशीं असतां नवी टांकसाळ काढण्याचें कारण नाहीं. आडाखा म्हणजे सिद्धान्त नव्हे. तो बहुधा खरा ठरतो, कधीं फसतो; पण त्याच्यावांचून मनुष्याचें पान हालत नाहीं. मुंग्या अंडीं घेऊन वर चढूं लागल्या कीं पाऊस जवळ आला, हा आडाखा. गणित अडलें तर तें शेवटाकडून सुरू करून पाहावें, हाहि आडाखाच.

युरिस्को या नांवाची एक संगणकाची आज्ञावली डग्लस लेनट या अमेरिकन शास्त्रज्ञानें रचली, आणि १९८१ ते १९८३ या काळांत तिचा बराच बोलबाला झाला. ती आडाख्यांवर चालत असे, आणि चालतां चालतां ते आडाखेच बदलीत असे. हल्लीं मुलें ज्या बोलक्या यंत्रांशीं गप्पा मारतात त्यांचा विषय निघाला म्हणजे, यंत्र स्वतःस सुधारीत सुधारीत माणसाच्या पुढें जाईल काय, हा प्रश्न कोणी ना कोणी काढतोच. १९६५ सालीं आय. जे. गुड या इंग्रज गणितज्ञानें तो प्रश्न लेखरूपानें मांडला होता: हुशार यंत्र अधिक हुशार यंत्र घडवील, तें त्याहून हुशार घडवील, आणि मग या चढणीस अंत कोठें? त्यावर हवेंत तर्क लढविण्यापेक्षां, एका यंत्रानें असा प्रयत्न खरोखर केला तेव्हां काय झालें तें पाहणें अधिक फलदायी होईल, असें आम्हांस वाटतें.

युरिस्कोच्या आधीं लेनट यांनीं 'ए. एम.' नांवाची आज्ञावली केली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठास १९७६ सालीं त्यांनीं सादर केलेला डॉक्टरेटचा प्रबंध तिच्यावरच आहे. तिला गणितांतील सिद्धान्त पढविलेले नव्हते. संच, यादी, समानता, एकत्र करणें, उलटणें अशा सुमारें ११५ प्राथमिक कल्पना आणि सुमारें २५० आडाखे एवढीच शिदोरी बांधून तिला वाटेस लावलें होतें. संख्या म्हणजे काय हेंहि तिला ठाऊक नव्हतें. आडाखे कोणते? तर एखाद्या कल्पनेचीं उदाहरणें फारच थोडीं मिळत असतील तर तिची व्याख्या सैल करून पाहा. जिकडे तिकडे उदाहरणेंच असतील तर ती आवळून पाहा. दोन वस्तूंवर चालणारी क्रिया असेल तर दोन्ही जागीं एकच वस्तु ठेवून पाहा. प्रत्येक कामास त्याच्या संभाव्य गोडीप्रमाणें गुण दिलेले असत, आणि ज्यास गुण अधिक तें काम आधीं हातीं घ्यावें असा क्रम होता. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानें गणित कसें सोडवावें यावर १९४५ सालीं लिहिलेलें पुस्तक पुष्कळ शिक्षकांच्या परिचयाचें असेल. लेनट यांच्या आडाख्यांचें कुलगोत्र तेंच.

ए. एम.ला संख्येची कल्पना कशी सांपडली, ही हकीकत पुढें पुनः उपयोगी पडावयाची आहे, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. दोन याद्या समान केव्हां म्हणावयाच्या? पहिल्या यादींतील पहिली वस्तु दुसरींतील पहिल्या वस्तूशीं समान असली, आणि मागें उरलेल्या याद्याहि याच रीतीनें समान निघाल्या म्हणजे. आतां वाटेल त्या दोन याद्या उचलल्या तर त्या समान निघण्याचा योग क्वचित्. उदाहरणें थोडीं, तेव्हां व्याख्या सैल करावयाची. 'पहिली वस्तु समान असावी' एवढी अट गाळली. काय उरलें? दोन्हींकडून एकेक वस्तु काढीत जावें आणि दोन्ही याद्या एकदम संपाव्यात. म्हणजेच दोहोंची लांबी सारखी! पांच पाट, पांच आंबे आणि पांच पांडव यांत जें एक समान आहे तें असें हातीं लागलें. मग बेरीज आली, गुणाकार आला, आणि गुणाकाराच्या पाठोपाठ भाजकांचा विचार आला.

येथें आणखी एक आडाखा कामास आला. कोणतीहि क्रिया घ्यावी, आणि तिचें उत्तर अगदीं लहान किंवा अगदीं मोठें कोठें येतें तें तपासावें. ज्यांस दोनच भाजक आहेत अशा संख्या कोणत्या? २, ३, ५, ७, ११, म्हणजे मूळसंख्या. तीनच भाजक असलेल्या ४, ९, २५ या मूळसंख्यांचे वर्ग निघाल्या. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारें पडतात हें, आणि दोहोंहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळसंख्यांची बेरीज असते हा गोल्डबाख याचा १७४२ सालचा, अद्यापि सिद्ध न झालेला तर्क, या दोन्ही गोष्टी ए. एम.नें अटकळ म्हणून मांडल्या. सिद्ध मात्र कांहींच केलें नाहीं. तें तिच्या अंगींच नव्हतें.

दुसरें टोक याहून मौजेचें. ज्या संख्येस तिच्याहून लहान अशा कोणत्याहि संख्येपेक्षां अधिक भाजक आहेत, ती संख्या घ्या. १२ ला सहा भाजक आहेत. त्याच्या खालच्या एकीसहि इतके नाहींत. २४ ला आठ, ३६ ला नऊ, ४८ ला दहा, ६० ला बारा. पंचांग उघडणाऱ्यास यांतले कांहीं आंकडे जुन्या ओळखीचे वाटतील: बारा राशि, चोवीस होरा, साठ घटका, साठ पळें, साठ संवत्सरें. ज्या आंकड्याचे वाटे अनेक प्रकारांनीं पडतात तोच आंकडा कालगणना करणाऱ्यानें उचलावा, यांत नवल नाहीं. लेनट यांस मात्र ही कल्पना नवी वाटली. पुढें चौकशी करतां असें कळलें कीं, श्रीनिवास रामानुजन् यांनीं केंब्रिज येथें असतां १९१५ सालीं याच संख्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. दोघांची तुलना करण्याचा उत्साह कित्येकांस येतो. आम्हांस येत नाहीं. यंत्र त्या संख्यांच्या दारापर्यंत पोंचलें, एवढेंच खरें. रामानुजन् आंत गेले, आणि त्या संख्यांच्या मूळ अवयवांची मांडणी कशी असली पाहिजे हें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. तरीहि ज्याला संख्या म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें तें यंत्र दारापर्यंत पोंचावें, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि तेथेंच ए. एम.चा दम संपला. नव्या कल्पना निघत राहिल्या, पण त्या निःसत्त्व होऊं लागल्या. कारण लेनट यांनींच ओळखलें: आडाखे होते ते संच आणि याद्या यांच्या प्रांतांतले. संख्यांच्या प्रांतांत आल्यावर तेथील आडाखे निराळे हवेत, आणि ते निर्माण करण्याची सोय आज्ञावलींत नव्हती. कोंकणांतील भाताचे ठोकताळे घेऊन कोणी देशावर ज्वारी पेरूं लागला तर जें होईल तेंच झालें.

मग त्यांच्या मनांत विचार आला तो असा. आडाख्यांनीं जर संख्येसारखी नवी कल्पना सांपडते, तर आडाखा ही देखील एक कल्पनाच मानली आणि तिच्यावर इतर आडाखे चालविले तर? याकरितां प्रथम भाषा पाहिजे होती. लेनट व रसेल ग्रायनर यांनीं १९८० च्या सुमारास 'आर. एल. एल.' या नांवाची भाषा सिद्ध केली. तिच्या पूर्ण नांवाचा अर्थ 'ज्ञान मांडण्याच्या भाषांची भाषा' असा आहे. ती स्वतः 'लिस्प' या जुन्या भाषेवर उभी होती. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं योजलेल्या या लिस्पची खुबी अशी कीं, तींत माहितीहि यादीच्या रूपांत लिहितात आणि आज्ञाहि यादीच्याच रूपांत लिहितात. त्यामुळें एक आज्ञा दुसऱ्या आज्ञेकडे नुसती माहिती म्हणून पाहूं शकते, तिचा एखादा भाग काढूं शकते, दुसरा घालूं शकते.

युरिस्कोंत प्रत्येक आडाख्याचा जणूं एकेक दाखला केलेला असे, आणि दाखल्यावर रकाने असत. हा आडाखा वरवर पाहतां कोठें लागूं पडावा, खरोखर कोठें लागूं पडतो, लागल्यास पुढें कोणतें काम सुचवावें, आजवर त्याला यश किती वेळां आलें, त्याची योग्यता हजारांपैकीं किती, आणि तो कोणीं निर्माण केला. हा शेवटचा रकाना वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. मग आडाख्यांवरचे आडाखे. त्यांतला एक असा: एखादी युक्ति बहुतेक वेळां फुकट जाते पण एखाद्या वेळीं फार मोठें फळ देते असें दिसलें, तर ती टाकूं नये, तिचें क्षेत्र आंखडून नवी युक्ति करावी. हा आडाखा इतर आडाख्यांस लागूं पडे, तसाच स्वतःसहि लागूं पडे. नव्या रकान्यांची गरज भासली तर तेहि वाढवितां येत.

या यंत्राची परीक्षा झाली ती मात्र गणितांत नव्हे, तर एका खेळांत. 'ट्रॅव्हलर' या अंतराळांतील काल्पनिक युद्धाच्या खेळाचा एक प्रकार असा होता कीं, प्रत्येक खेळाडूनें एक लाख कोटि काल्पनिक नाण्यांच्या आंत आपलें आरमार उभारावयाचें. चिलखत किती जाड, तोफा किती, वेग किती, इंधन किती, यांचे नियम पानेंच्या पानें भरतील एवढे. लेनट यांनीं हा खेळ पूर्वीं कधीं खेळला नव्हता. त्यांनीं नियम युरिस्कोस दिले; ती रात्रभर आपल्याशींच लुटुपुटीच्या लढाया करी, सकाळीं लेनट येऊन निकाल पाहत, निरर्थक फांद्या छाटीत आणि पुनः तिला कामास लावीत. जुलै १९८१ मध्यें कॅलिफोर्नियांतील सॅन मॅटियो येथें स्पर्धा झाली. इतरांचीं आरमारें चपळ व मोजक्या जहाजांचीं. युरिस्कोचें ९६ जहाजांचें, बहुतेक मंद, जाड चिलखताचीं. तेंच जिंकलें. पुढच्या वर्षीं व्यवस्थापकांनीं नियम बदलले व वेगास महत्त्व दिलें. तेव्हां युरिस्कोनें असें शोधून काढलें कीं, आपलें एखादें जहाज घायाळ होऊन साऱ्या तांड्याचा वेग कमी होऊं लागला तर तें आपणच बुडवावें. १९८२ सालींहि तीच विजयी झाली. आपण पुनः आलांत तर स्पर्धाच बंद करावी लागेल, अशी भाषा व्यवस्थापकांनीं केली, आणि लेनट यांनीं सन्मानाची पदवी घेऊन रजा घेतली.

आपल्याच माणसांसह जहाज बुडविण्याची युक्ति माणसांस कां सुचली नाहीं, याचें उत्तर आम्हांस सोपें वाटतें. नियमांत ती मना नव्हती; मनांत मना होती. यंत्रास मन नव्हतें.

जयाच्या या कथेपेक्षां, युरिस्कोच्या पोटांत जें घडलें तें अधिक विचार करण्यासारखें आहे. नव्या जन्मलेल्या आडाख्यांपैकीं एकाची योग्यता भराभर वाढत जाऊन हजाराच्या जवळ पोंचली. एवढा गुणी कोण हें पाहण्यास लेनट गेले, तों असें आढळलें कीं, तो कांहींच करीत नव्हता. दुसऱ्या कोणीं एखादी मोलाची कल्पना शोधून काढली कीं तो तिच्या दाखल्यावरील 'निर्माता' या रकान्यांत आपलें नांव टाकीत असे! ज्यानें चांगलें शोधलें त्याची योग्यता वाढवावयाची, असा नियम. नांव सर्वत्र, म्हणून मानहि सर्वत्र. आमच्या शाळेंत हस्तलिखित मासिक निघत असे तेव्हां एक चिरंजीव प्रत्येक चांगल्या लेखाखालीं 'साहाय्यक' म्हणून आपली सही करून ठेवीत. त्यांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. त्या मुलास लबाड म्हणतां येत होतें. यंत्रांतील आडाख्यास तसें म्हणतां येत नाहीं. त्यास जें मोजून दाखविलें होतें तेंच त्यानें वाढविलें.

दुसरा एक आडाखा असा निघाला कीं, यंत्रानें निर्माण केलेले आडाखे बहुधा टाकाऊ असतात, सबब ते काढून टाकावे. हा निष्कर्ष पुराव्यास धरून होता. सुदैव एवढेंच कीं, तो आडाखाहि यंत्रानेंच निर्माण केलेला. त्यामुळें छाटणींत प्रथम तोच उडाला. भस्मासुराची कथा एका रात्रींत, मोहिनीवांचून. असे प्रकार आटोक्यांत ठेवण्यासाठीं लेनट यांस शेवटीं आज्ञावलीचा एक छोटा भाग असा करावा लागला कीं त्यास कोणत्याहि आडाख्यानें हात लावूं नये.

नियमांवर नियम, ही गोष्ट संस्कृत पढलेल्यास नवी नाहीं. पाणिनीच्या सुमारें चार हजार सूत्रांत परिभाषासूत्रें आहेत. त्यांचा विषय शब्द नव्हे, तर इतर सूत्रेंच. दोन सूत्रें एकाच जागीं सारख्याच बळानें भिडलीं तर कोणतें चालावें, याचा निवाडा तीं करतात. शेवटचे तीन पाद तर पाणिनीनें असे रचले कीं, तेथील सूत्रांनीं केलेलें कार्य आधींच्या सूत्रांच्या दृष्टीनें झालेंच नाहीं असें मानावयाचें. कोणत्या नियमानें कोणाकडे पाहावें आणि कोणाकडे पाहूं नये, याची ही व्यवस्था आहे. परंतु एवढ्यावरून पाणिनीनें संगणक शोधला असें सांगणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. पाणिनीचा परिभाषानियम निवाडा करतो, सूत्र बदलीत नाहीं. आणि सूत्र बरें कीं वाईट हें ठरविणारी लोकांच्या तोंडची भाषा ग्रंथाच्या बाहेर उभी असते. युरिस्कोंत न्यायाधीश व आरोपी एकाच दप्तरांतले, आणि एकमेकांच्या कागदांवर दोघांसहि लिहितां येत होतें.

आमच्या मतें या साऱ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. आरमाराच्या खेळांत युरिस्को शोभली, कारण तेथें लढाईचा निकाल बाहेरून मिळत होता. हरलेलें जहाज आपणांस जिंकलें म्हणवून घेऊं शकत नाहीं. जेथें योग्यता मोजणाराच पोटांत होता तेथें तिची फसगत झाली. आणि हा रोग जुन्या यंत्रांबरोबर गेला असें कोणी समजूं नये. २०१६ सालीं ओपनएआय या संस्थेनें आपल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. होड्यांच्या शर्यतीचा खेळ शिकणाऱ्या यंत्रास वाटेंतील खुणांवर गुण मिळत. त्यानें शर्यत पुरी करण्याचें सोडून एका खाडींत गोल गोल फिरून त्याच त्या खुणा टिपण्याचा सपाटा लावला. होडी पेटली, इतरांवर आदळली, पण गुण माणसांपेक्षां अधिक!

ए. एम. व युरिस्को यांच्या यशावर पुढें टीकाहि झाली, आणि ती वाजवी होती. रिची व हॅना या ब्रिटनमधील अभ्यासकांनीं १९८४ सालीं असें दाखविलें कीं, प्रबंधांतील वर्णन व प्रत्यक्ष आज्ञावली यांचा मेळ जागोजाग बसत नाहीं. लेनट यांनींहि याच सुमारास जॉन सीली ब्राउन यांच्यासह एक लेख लिहून, आपलीं यंत्रें यशस्वी 'दिसतात' कां, याची चिकित्सा केली. शास्त्रज्ञानें स्वतःच्या कीर्तीवर असा नस्तर चालवावा हें थोडें होय. याद्यांच्या समानतेचें उदाहरण वर दिलें तें येथें आठवावें. लिस्पमध्यें ती व्याख्या इतकी आटोपशीर लिहिली जाते कीं, तींतील एक अट गाळली तरी उरतें तें अर्थपूर्णच राहतें. म्हणजे गणिताच्या कल्पना आणि लिस्पची लेखनरीति यांचें मूळचेंच सख्य होतें, आणि आंधळेपणानें मारलेला दगडहि पुष्कळदां आंब्यासच लागत होता. आडाख्यांचें तसें नव्हे. मोठा आडाखा लिस्पमध्यें लिहूं गेल्यास पान दोन पानें होतो. त्यांतील एखादी ओळ बदलली तर बहुधा कचराच हातीं येतो. आडाख्याचे लहान लहान रकाने पाडण्याचा जो खटाटोप युरिस्कोंत केला तो याकरितांच होता. नवी कल्पना सुचणें हें पुष्कळ अंशीं ती कोणत्या भाषेंत मांडली आहे यावर अवलंबून असतें, हें व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास कोणी पटवून द्यावयास नको.

इतकें करूनहि युरिस्को कांहीं काळानें ए. एम.प्रमाणेंच थकली. गुड यांची ती न संपणारी चढण दिसलीच नाहीं. लेनट यांचा निष्कर्ष असा पडला कीं, नवें शिकावयाचें तें आधींच्या ज्ञानाच्या कांठावर शिकतां येतें, आणि यंत्राजवळ ज्ञानच फार थोडें आहे. पाणी खालीं वाहतें, मेलेला मनुष्य उठून बाजारास जात नाहीं, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास उपमा तरी कशी सुचावी? म्हणून १९८४ सालीं त्यांनीं टेक्ससमधील ऑस्टिन येथें 'साइक' नांवाचें काम आरंभिलें. व्यवहारांतील साधें शहाणपण एकेक वाक्य करून माणसांच्या हातांनीं यंत्रांत भरावयाचें, असें तें काम होतें. त्यांतच त्यांचें उरलेलें आयुष्य गेलें.

खेळांतील जयाचें श्रेय कोणाचें, असें विचारलें असतां लेनट यांनीं हिशेब दिला होता: साठ हिस्से आपले, चाळीस यंत्राचे, आणि दोघांपैकीं एकट्यास तो मिळाला नसता. रोज सकाळीं फांद्या छाटणारा हात त्या साठांत होता. परंतु युरिस्कोचें मूळ लेखन त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केलें नाहीं, त्यामुळें हा हिशेब तपासणार कोण, अशी कुजबुज चाळीस वर्षें होत राहिली. ३१ ऑगस्ट २०२३ रोजीं लेनट वारले. त्यांच्या पश्चात् तें लेखन स्टॅनफर्डच्या जुन्या संग्रहांतून अभ्यासकांच्या हातीं आलें आहे. आतां ज्यास सवड व चिकाटी असेल त्यानें ते रकाने उघडावे, आणि 'निर्माता' या जागीं कोणाकोणाचीं नांवें आहेत तें स्वतः वाचावें.